लाडू रुळला का?

मराठी माणसाच्या आयुष्यात 'रुळणे' या क्रियापदाला जेवढा मान आहे तेवढा 'जगणे' या क्रियापदालाही नसेल. बदली होऊन आलेल्या कारकुनाला पहिल्याच सोमवारी विचारतात, "काय, रुळलात का?" लग्न होऊन चार दिवस झालेल्या मुलीच्या आईला शेजारीण जिन्यात गाठून विचारते, "रुळली का हो पोर सासरी?" बालवाडीत भोकाड पसरलेल्या पोराबद्दल बाई म्हणतात, "रडू दे, रुळेल." एवढंच कशाला, नवी चप्पल चावते अशी तक्रार घेऊन गेलं, तर दुकानदार म्हणतो, "दोन दिवस वापरा साहेब, रुळेल." (चप्पल रुळत नाही, आपला पाय रुळतो, ही गोष्ट वेगळी.) या सगळ्यांत एक गोम आहे. हा प्रश्न बहुधा तिसऱ्याच माणसाला विचारतात. ज्याने रुळायचं त्याला कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर 'हो' याखेरीज दुसरं उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही.

हा एवढा गहन विचार मला इतक्या वर्षांत बँकेतही सुचला नव्हता आणि घरातही. तो सुचला एका अजगरामुळे.

दचकू नका. अजगर माझ्या घरी नाही. माझ्या घरात पालीलासुद्धा भिंतीवर चढण्यापूर्वी माझ्या पत्नीची परवानगी काढावी लागते. हा अजगर असतो तिकडे विलायतेत, लंडनजवळ, माझ्या मेव्हण्याच्या घरी, एका काचेच्या पेटीत. तो पाळला आहे मेव्हण्याच्या बारा वर्षांच्या लेकीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या भाचीने. तिकडच्या २००६ सालच्या प्राणिकल्याण कायद्याप्रमाणे सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, त्यामुळे खरेदी मेव्हण्याच्या नावावर झाली. खातं अज्ञान मुलीचं आणि सही पालकाची, हा प्रकार आम्हां बँकवाल्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अशा खात्यात पैसे कोण भरतं आणि कटकट कोण निस्तरतं, तेही आम्हांला ठाऊक असतं.

अजगर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बकरी गिळून पडलेलं धूड आलं असेल, तर ते पुसून टाका. हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या बाजूचा. लांबी तीन ते पाच फूट. विष नाही. इंग्रज याला 'रॉयल पायथन' म्हणतात. अमेरिकन लोक राजेरजवाड्यांचं फारसं मनावर घेत नाहीत, ते म्हणतात 'बॉल पायथन'. कारण हा घाबरला की अंगाचं वेटोळं करतो, डोकं मधोमध लपवतो आणि चेंडूसारखा गोल होऊन बसतो. अंगावर धावून जाणं हा त्याचा पिंडच नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावल्यावर माझीही साधारण हीच अवस्था होते, फक्त मला इतकं गोल होता येत नाही. पेटीत सोडल्या सोडल्या तो असा काही वळला की भाचीने तिथल्या तिथे बारसं केलं. नाव ठेवलं 'लाडू'.

आता या लाडवाला रुळवायचं कसं? मला वाटलं होतं, रोज उठून मांडीवर घ्यायचा, गोंजारायचा, चार दिवसांत होईल सवय. कुत्र्याच्या पिल्लाचं आपण तसंच करतो. पण भाचीने व्हिडिओ कॉलवर मला नियमावली वाचून दाखवली, आणि मी थक्क झालो. पहिला नियम असा : पहिला आठवडाभर हात लावायचा नाही. पाणी बदलायचं आणि निघून यायचं. ज्याच्यासाठी हौसेने पैसे मोजले त्याच्याकडे आठवडाभर ढुंकून बघायचं नाही, हे आपल्या परंपरेत बसत नाही. आपल्याकडे नवी सून उंबऱ्यातलं माप ओलांडते न ओलांडते तोच अख्खी आळी तिला बघायला येते.

दुसरा नियम : लपायला दोन जागा द्यायच्या. एक पेटीच्या उबदार बाजूला, जिथे तापमान साधारण ३१-३२ अंश असतं, आणि एक थंड बाजूला, जिथे ते २५-२६ अंश असतं. सापाला स्वतःच्या अंगची ऊब तयार करता येत नाही. ऊन हवं तेव्हा उन्हाकडे आणि सावली हवी तेव्हा सावलीकडे सरकणं हाच त्याचा स्वयंपाक आणि हेच त्याचं औषध. लपायची जागा एकच ठेवली, तर बिचाऱ्याला भीती आणि थंडी यांतलं एक निवडावं लागतं. दोन ठेवल्या की दोन्ही टळतात. आणि जागा कशी हवी? अंगाला सगळीकडून टेकेल इतकी अडचणीची. आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकचं हे वर्णन ऐकून मला उगाचच आपलेपणा वाटला.

तिसरा नियम जेवणाचा. उंदीर गोठवलेला आणावा, वितळवून कोमट करावा, चिमट्याने पुढे धरावा. लाडूने तो खाल्ला तर उत्तम. नाही खाल्ला तर मुकाट्याने उचलून न्यावा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावं. आग्रह करायचा नाही! ही जात उपासाला पक्की असते, धडधाकट अजगरही मनात आलं तर महिनोन्‌महिने जेवत नाही. जेवला, तर पुढचे दोन दिवस त्याला उचलायचं नाही. कात टाकायच्या आधी डोळ्यांवर निळसर साय येते, तेव्हाही उचलायचं नाही. सापाला पापण्या नसतात, डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो आणि कातेबरोबर तोही निघून येतो. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही, आणि धड दिसत नसताना कोणी अंगाला हात लावला तर कोणीही बिचकणारच.

मग उचलायचं कधी आणि कसं? हात धुऊन. त्याच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात आणि दुभंगलेली जीभ बाहेर काढून तो हवेतला वास गोळा करत असतो. उंदराचा वास लागलेला उबदार हात समोर आला, की तो त्याच्या लेखी हात नसतो, ताट असतं. (नंतरही हात धुवायचे, पण ते आपल्यासाठी. सापांच्या अंगावर साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात.) वरून हात घालायचा नाही, कारण वरून येतो तो शिकारी पक्षी. बाजूने यायचं, अंगाला हलकासा स्पर्श करून वर्दी द्यायची, दोन्ही हातांनी पूर्ण अंगाला आधार द्यायचा आणि पाच-दहा मिनिटांत परत ठेवून द्यायचं. आठवड्यातून दोन-तीन वेळा, बस्स. तो वळवळला तर आवळायचं नाही, एका हातावरून दुसऱ्या हातावर वाट करून द्यायची.

हे सगळं ऐकल्यावर माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. मी विचारलं, "इतकं सगळं केल्यावर तो तुझ्यावर प्रेम करायला लागेल?"

"नाही काका," ती शांतपणे म्हणाली. "फक्त मला घाबरायचा थांबेल."

आता आली का पंचाईत? आम्ही कॉमर्सवाले. घेणाऱ्याच्या नावे आणि देणाऱ्याच्या जमा, या दुहेरी नोंदीवर आमचा पिंड पोसलेला. एका बाजूला एवढी ऊब, एवढे उंदीर, एवढा संयम नावे पडलाय, तर दुसऱ्या बाजूला काहीतरी जमा व्हायला नको? निदान जीभ हलवून आभार? पण सापाच्या खात्यात ती बाजूच नाही. मग हा व्यवहार करायचा कशाला, आणि कोणी केलाच तर त्याला नाव काय द्यायचं?

आपल्याला हा प्रश्न इतका अडतो, कारण आपण सापाकडे नेहमी माणूस म्हणून बघत आलो. त्याच्यावर उपकार केले तर तो मणी आणून देतो, आणि अपकार केले तर डूख धरून जन्मभर माग काढतो, असं आपण लहानपणापासून ऐकलं. सर्पतज्ज्ञ सांगतात की यातलं काहीच खरं नाही. वैर जपण्याची त्याची कुवत नाही आणि उपकार मोजण्याचीही नाही. दूध हे त्याचं अन्नच नव्हे. नागपंचमीला तो दूध पितो तो आधी तहानेने व्याकूळ करून ठेवलेला असतो म्हणून, आणि ते त्याला बाधतं. आपल्यासारखीच पूजा तिकडे आफ्रिकेतही आहे. बेनिनमधल्या विदा गावात या लाडूच्या जातभाईंचं चक्क देऊळ आहे. पूजा करणं हा एक प्रकार झाला आणि ठेचून मारणं हा दुसरा. दोन्हींत साप बाजूलाच राहतो. एकात आपली भक्ती असते आणि दुसऱ्यात आपली भीती. साप म्हणजे नुसता साप आहे, हे मान्य करायला आपण दोन्ही वेळा तयार नसतो.

१९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत एका काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. साप डिवचल्याशिवाय चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकाराने. मला त्या ७२ तासांत विशेष वाटतं ते असं की त्या सापांचं खैऱ्यांवर प्रेम नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. त्या खोलीत प्रेमाचा एक थेंब नसताना ७३ जीव तीन दिवस एकमेकांना इजा न करता राहिले. ज्या घरांत प्रेम ओसंडून वाहत असतं त्यांतल्या किती घरांना हा हिशेब जमतो, ते ज्याने त्याने आपलं आपण बघावं.

पण खरा चिमटा पुढेच आहे. भाचीला मी म्हटलं, "आता तर तो अगदी शांत दिसतो गं." त्यावर ती म्हणाली, "काका, शांत दिसतो म्हणजे शांत असतो असं नाही. घाबरला तरी तो हलत नाही."

शांत आणि गप्प यांच्यात बाहेरून काही फरक दिसत नाही. आपण मात्र तो फरक न बघताच केवढी प्रशस्तिपत्रकं वाटत असतो! "आमची सून म्हणजे अगदी गाय, कधी तोंड वर करून बोलली नाही." "तो नवा शिपाई फार चांगला, कितीही वेळ थांबवा, हूं की चूं करत नाही." ही माणसं रुळलेली असतात की नुसती गोल होऊन बसलेली? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४ मध्ये मुक्त संमतीची व्याख्या आहे. जबरदस्तीने, दडपणाने किंवा फसवणुकीने मिळालेली संमती ही मुक्त संमती नव्हे. हे कलम आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं. त्या कायद्याने बघितलं तर लाडू करार करायलाच पात्र नाही. म्हणूनच सगळी जबाबदारी एकाच बाजूवर येते, ज्याचा हात मोठा त्याच्यावर.

मग फरक ओळखायचा कसा? भाचीच्या नियमावलीत त्याच्या खुणा दिलेल्या आहेत. रुळलेला साप हातावर संथपणे सरकतो, जीभ बाहेर काढून आजूबाजूची चौकशी करतो, रात्री आपणहून बाहेर येऊन पेटीत फिरतो आणि वेळच्या वेळी जेवतो. हरलेला साप गोळा होऊन राहतो, स्पर्श झाला की झटका देतो, काचेवर नाक घासत बसतो, अन्नाला तोंड लावत नाही. थोडक्यात, आपण धरलेलं असताना तो काय करतो यावरून फारसं कळत नाही. सोडल्यावर काय करतो, ते बघायचं. आणि सोडल्यावर जायला त्याला जागा आहे का, तेही. ज्याला 'नाही' म्हणायला कोपराच ठेवला नाही, त्याच्या 'हो'चा चेक वटत नाही.

आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याला मी हे ऐकवलं. तो म्हणाला, "मग उचलतातच कशाला? नाही ना त्याला आवडत, राहू दे पडून!" मुद्दा बिनतोड वाटतो, पण तसा नाही. पेटी साफ करायची तर त्याला उचलावं लागतं. वजन करायचं, डॉक्टरकडे न्यायचं तरी उचलावं लागतं. ज्याला कधीच कोणी उचललं नाही, त्याला नेमकं आजारपणात पहिल्यांदा उचललं तर आजारापेक्षा भीतीच जड व्हायची. तेव्हा एवढी सवय त्याच्या भल्याची आहे. त्यापलीकडे, पाहुण्यांसमोर गळ्यात घालून फोटो काढणं वगैरे, ते आपल्या हौसेचं. दोन्ही रकाने वेगळे मांडावेत आणि हौसेची रक्कम त्याच्या कल्याणाच्या रकान्यात दाखवू नये. हिशेबतपासनीस असल्या नोंदींखाली लाल रेघ मारतात.

मुळात पाळावाच का, या प्रश्नावर माझं मत 'नाही'कडेच झुकतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथले साप घरात ठेवायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण लाडू आता पाळलेला आहे. त्याला इंग्लंडच्या थंडीत सोडून देणं म्हणजे मारणंच. ही जात नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं जगते. आमची गृहकर्जाची मुदतसुद्धा साधारण तेवढीच असते, पण तिथे निदान कर्जदाराने अर्ज केलेला असतो. इथे अर्ज न करणाऱ्या जिवाला बारा वर्षांच्या मुलीने तीस वर्षांची हमी देऊन टाकली आहे. हमी दिली की ती फेडावी लागते. मूळ व्यवहार शहाणपणाचा होता की नव्हता, ही सबब तिथे चालत नाही.

तर अशी ही भाची. त्याच वर्षी माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी तिकडे गेल्या. सासरे गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच मोठा प्रवास. मेव्हण्याने आईला करमावं म्हणून कार्यक्रमांची रांग लावली. आज देऊळ, उद्या थेम्स नदी, परवा मराठी मंडळींकडे जेवण, तेरवा त्यांच्याकडून परतभेट. सासूबाई प्रत्येक ठिकाणी "छान आहे हो" म्हणत होत्या आणि ताटात अर्धी पोळी तशीच टाकत होत्या. मेव्हणा फोनवर आम्हांला सांगत होता, "आई मस्त रुळली बरं का! काही म्हणजे काही तक्रार नाही तिची."

भाचीने मात्र ओळखलं. ती बापाला म्हणाली, "बाबा, आजी रुळली नाही. आजी गोल झालीय." आणि तिने एका कागदावर नियम लिहून फ्रीजवर लावले. आठवडाभर आजीला कुठेही न्यायचं नाही. रेडिएटरजवळची खुर्ची आजीची, आणि मागची खोलीही आजीचीच, दोन्ही. दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही. जेवणाचा आग्रह करायचा नाही. आजीबद्दलचं काहीही आजीच्या डोक्यावरून ठरवायचं नाही.

नवव्या दिवशी सासूबाई आपणहून स्वयंपाकघरात आल्या. बेसनाचा डबा कुठे आहे, असं विचारून त्यांनी पिठलं टाकलं आणि स्वतः दोनदा वाढून घेतलं. दहाव्या दिवशी, त्या समोरच्या थांब्यावर लाल बस येते ती कुठे जाते, अशी त्यांनी चौकशी केली. ज्या लाडूच्या खोलीत पाऊल टाकणार नाही अशी त्यांनी पहिल्या दिवशी शपथ घेतली होती, त्याच्या पेटीसमोर आता त्या दुपारी खुर्ची टाकून जपमाळ ओढत बसतात, असं कळलं. पत्नीने फोनवर विचारलं, "आई, भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "नाही गं. तो त्याच्या जागी, मी माझ्या जागी. 'या, बसा, खा' असा तगादा लावत नाही बिचारा."

मला वाटतं, प्रेमाचा आपण जरा जास्तच गवगवा केला आहे. प्रेम मिळणं न मिळणं हे आपल्या हातात नसतं, ते समोरच्याकडून यावं लागतं आणि काहींच्या कोठारात तो मालच नसतो. पण आपल्यामुळे कोणाला भीती वाटू नये, एवढं आपल्या हातात असतं. त्याला मोठं अंतःकरण लागत नाही. हात धुतलेले असावेत, वरून झडप घालू नये, पाच-दहा मिनिटांनी खाली ठेवायची अक्कल असावी आणि समोरच्याला लपायला कोपरा असावा, इतकंच लागतं.

आमच्याकडे कर्ज पूर्ण फिटलं की खातेदाराला एक छोटासा दाखला मिळतो, 'नो ड्यूज सर्टिफिकेट'. त्यात ना आभार असतात, ना शुभेच्छा, ना 'आपला स्नेहांकित'. फक्त एवढंच लिहिलेलं असतं की आमचं तुमच्याकडे आता काही येणं नाही. रुक्ष कागद आहे, पण ज्यांनी तो मिळवला ते फायलीत जपून ठेवतात. भाचीच्या मनगटावरून लाडू आपल्या संथ चालीने सरकतो, जीभ काढून तिचा वास घेतो आणि घाई न करता आपल्या बिळाकडे वळतो, तेव्हा तो तिला तोच दाखला देत असतो. घरीदारी, कचेरीत, इतक्या जणांना 'रुळलात का' म्हणून विचारणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना तो मागून मिळेल, याची चौकशी करायला हरकत नाही. मी आमच्या घरी अर्ज केला आहे. पत्नीने 'विचाराधीन' असा शेरा मारून ठेवला आहे.